फळीची दुसरी घडी

पत्र्याच्या फळीत जोर कुठून येतो, असं कुणी विचारलं की मी अजूनही अर्धा तास बोलतो. जाड पत्रा घेतला म्हणजे रॅक भक्कम झाला, असं समजणारे लोक माझ्या डोक्यात जातात. अहो, जोर घडीत असतो! कागद नुसता हातात आडवा धरा, लुळा पडतो. त्याच्या कडा दुमडा, तोच कागद ताठ राहतो. फळीचंही तेच. समोरची कड खाली वळवायची ती पहिली घडी, तीच कड परत आत वळवायची ती दुसरी. फळी लांब असेल तर पोटाखालून एक पट्टी. एवढं केलं की बेताच्या पत्र्यावरही वाटेल तेवढा माल चढवा, फळी हूं की चूं करत नाही. गिऱ्हाइकाला मी हे अशा थाटात ऐकवतो, की जणू शोध माझाच. खरं तर पुण्यात डिप्लोमा करून मी आलो तेव्हा मला यातलं कागदावरचं तेवढं येत होतं. बाकी सगळं चाचांनी शिकवलं.

बेगडेवाडी स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर माझी शेड आहे. दुकानांचे, गोदामांचे, हॉटेलच्या भटारखान्यांचे रॅक आम्ही बनवतो. चाचा माझ्याकडे पत्रा वाकवायच्या मशीनवर होते. अकरा वर्षं. जवळच्याच एका गावचे, घरात सगळे मराठीच बोलणारे, वय साठीच्या पुढे. शेडमधले सगळे त्यांना चाचा म्हणायचे, मीही म्हणायचो. ते मला साहेब म्हणायचे. मला ते आवडायचं, आता काय लपवायचं!

चाचांचा एक नियम होता. रॅक गिऱ्हाइकाच्या ताब्यात देण्याआधी ज्याने घड्या मारल्या त्याने खालच्या फळीवर चढायचं, आणि बरोब्बर मधोमध, पाय जुळवून उभं राहायचं. मी एकदा हसलो, तर म्हणाले, "आपुन हुबं न्हाई ऱ्हायलो, तर लोकांनी माल कुनाच्या भरवशावर ठेवायचा?" अकरा वर्षांत त्यांच्या पायाखाली एकही फळी वाकलेली मी पाहिली नाही.

मग लोणावळ्याच्या बाजारातलं ते काम आलं. चिक्कीचं दुकान, चालवणारी बाई पंचेचाळिशीची, मी तिला ताई म्हणायचो. सोबत तिची ऐंशीच्या घरातली आई, जी दिवसभर गल्ल्याशेजारी स्टुलावर बसून पाकिटांना चिठ्ठ्या चिकटवायची. ताईंनी मोबाईलवर एक फोटो दाखवला. पातळ कडेच्या, नाजूक फळ्या, खालून दिव्यांचा उजेड. "भाऊ, अगदी असं पाहिजे. ते गोदामासारखं धटिंगण नको."

मी लगेच ड्रॉइंग काढलं. कड अर्ध्या इंचाची, घडी एकच. खालची पट्टी काढून टाकली, कारण उजेडात ती दिसली असती. मला माझं ड्रॉइंग फार देखणं वाटलं. चाचांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"साहेब, दुसरी घडी कुटं गेली?"

"नाही घ्यायची. शोभेचा रॅक आहे."

"चार फुटी फळी हाय. मधी पोट सुटंल तिला."

"चाचा, चिक्कीचे डबे ठेवायचेत वर. गुळाच्या ढेपा नाही ठेवायच्या!"

वेल्डिंगवाले दोघे खो खो हसले. मला तेवढंच पाहिजे होतं. चाचा मात्र हसले नाहीत. "दुकान हाय, साहेब. आज चिक्की ठेवतील, उद्या आनिक काय ठेवतील, तुमी थोडंच बघाया जानार?"

यावर मी जे बोललो ते शब्दाला शब्द आठवतं. "ड्रॉइंग मी काढायचं, मशीन तुम्ही चालवायचं." एवढं बोलून मी चहा प्यायला गेलो. चाचांनी सगळ्या फळ्या ड्रॉइंगबरहुकूम केल्या, सुताचाही फरक नाही.

लोणावळ्याला रॅक बसवला तेव्हा दुकान उजळून निघालं. ताई खूश. तरी त्यांनी विचारलंच, "पडणार नाही ना, भाऊ?" मी चाचांना म्हटलं, चढा. चाचा माझ्याजवळ आले आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्याच्यावर मी न्हाई चढत."

माझ्या कानशिलांना आग लागली. म्हटलं, ठीक आहे, म्हातारबुवा, हा बघा! मी स्वतः चढलो. पण कसा? पाय फाकवून, एक पाय या खांबापाशी, दुसरा त्या खांबापाशी. खांबाशेजारी फळी वाकतच नाही, सगळा भार खांब घेतो. हे मला माहीत होतं. नीट माहीत होतं. तरी मी टाळी वाजवून म्हणालो, "बघा ताई, पंच्याऐंशी किलो!" ताई हसल्या. म्हातारी म्हणाली, "उतर रे बाळा, पडशील." चाचा माझ्या पावलांकडे बघत होते.

पावसाळ्यातल्या एका रविवारी ताईंचा फोन आला. बाजार पर्यटकांनी फुलला होता. चिक्कीच्या जोडीला त्यांनी सरबतं ठेवायला घेतली होती, जांभळाचं, करवंदाचं, कोकमाचं, सगळी काचेच्या बाटल्यांत, आणि तिसरी फळी त्या बाटल्यांनीच गच्च भरली होती. मी आणि चाचा मोटारसायकलवरून पोचलो. जमीन चिकट, लाल, काचा अजून गोळा होत होत्या. फळीला मधोमध पोट सुटलं होतं, त्या ओढीने तिचं एक टोक खांबाच्या खाचेतून निसटलं होतं. म्हातारीच्या पायावर बाटली फुटून दोन टाके पडले होते. ती पट्टी बांधलेला पाय पुढे करून स्टुलावर बसली होती.

ताई काचा भरायच्या थांबल्या. "तुम्ही तर वर उभं राहून दाखवलं होतं हो!"

दुकान माणसांनी भरलेलं. दारात आजूबाजूचे दुकानदार येऊन उभे राहिलेले. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि माझ्या या मेल्या तोंडाने काय करावं? "ताई, डिझाइन बरोबर आहे," मी म्हणालो. "आमच्या चाचांकडून घडी चुकली. वय झालंय, हात चुकतो आता."

अडखळलोसुद्धा नाही. वरून मानही हलवली, बिचाऱ्या म्हाताऱ्याला काय बोलायचं, अशी.

मला वाटलं, चाचा आता सगळ्यांसमोर माझी लाज काढणार. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खाली वाकून ती वाकडी फळी उचलली, फडक्याने पुसली, भिंतीला टेकवून ठेवली. म्हातारीपाशी उकिडवे बसले. "मावशी, लय दुकतंय का?" एवढंच बोलले.

परतीला एरवी ते माझ्या खांद्यावर हात ठेवून बसायचे. त्या दिवशी मागची दांडी धरून बसले. कार्ला गेलं, म्हटलं कामशेत आलं की बोलू. कामशेत गेलं, म्हटलं वडगावला चहाला थांबू तेव्हा बोलू. वडगावला मी गाडी जोरातच काढली.

चाचा शनिवारपर्यंत कामावर आले. शनिवारी हात धुऊन म्हणाले, "साहेब, डोळं साथ देत न्हाईत आता." नुसत्या नजरेने अर्ध्या सुताची चूक धरणारा माणूस हा! मी म्हणालो, "बरं बरं, तब्येतीला जपा." आणि खरं सांगू? मला हायसं वाटलं. ते समोर मशीनवर दिसणार नाहीत याचं हायसं. या एका गोष्टीची मला बाकी सगळ्याहून जास्त शरम वाटते.

चारेक महिन्यांनी ताईंनी परत बोलावलं, नवं काउंटर करायचं म्हणून. मी चरफडतच गेलो. पाहतो तर तोच रॅक, त्याच फळ्या, वर सरबताच्या बाटल्या ठासून भरलेल्या, आणि फळ्या सरळ रेषेत. मी वाकून खाली हात घातला. प्रत्येक फळीच्या पोटाखाली घड्या मारलेली पट्टी, कडेला आतून पत्र्याची जोड, आणि रिवेटा अशा, की मोजपट्टी लावावी. कुणाचा हात आहे हे मला विचारायची गरज नव्हती.

"तुम्ही चाचांना पाठवलंत, फार बरं केलंत, भाऊ," ताई म्हणाल्या. "दोन दिवस राबले बिचारे. म्हणाले, साहेबांनी पाठवलंय. चहासुद्धा घेईनात."

मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्या हातावर ताजी चिक्की ठेवली आणि पुढे सांगू लागल्या. चाचा नंतर बाजारात काम विचारत फिरत होते. कुणाच्या रॅकची डागडुजी, कुणाची मांडणी, हातावरची कामं. दोनतीन दुकानदारांनी ताईंना विचारलं, तुमच्याकडे काम केलंय ना त्यांनी, कसे आहेत? खंडाळ्याच्या एका हॉटेलवाल्यानेही विचारलं. "मी खरं तेच सांगितलं. माणूस देवासारखा आहे, पण वय झालंय, घडी चुकते आता, हात चुकतो. मग कुणी दिलं नाही काम. वाईट वाटतं हो. पण खोटं कसं सांगायचं? बरोबर ना?"

माझेच शब्द. जसेच्या तसे. चिक्कीचा तुकडा माझ्या तोंडात होता. मी तो चावला आणि म्हणालो, "हो ना."

तिथेच, त्या फळीसमोर उभा राहून. पहिल्या वेळी निदान माझी घाबरगुंडी उडाली होती. या वेळी कोण माझ्या अंगावर आलं होतं? कुणी नाही. ताईंना माणसाविषयी खरं बोलायचं होतं, आणि मी त्यांच्याकडून माझं खोटं वदवून घेतलं. मी काउंटरची मापं घेतली, तीही चुकीची.

चार दिवस मी शेडमध्ये सगळ्यांवर खेकसत होतो. पाचव्या दिवशी सकाळी चाचांच्या घरी गेलो. ते ओसरीवर बसून कुणाच्या तरी धान्याच्या पत्र्याच्या कोठीचं झाकण लाकडी हातोडीने सरळ करत होते. "या, साहेब." चाचींनी पाणी दिलं. मी रस्ताभर घोकून आलो होतो, तरी सगळं उलटंसुलटं बाहेर आलं. चूक माझी होती, ड्रॉइंग माझं होतं, पाय फाकवून मी उभा राहिलो, आणि नाव तुमचं घेतलं.

हातोडी चालूच होती. "ते मला म्हाईतच हाय की," चाचा म्हणाले. "मला कशापायी सांगताय?"

मी विचारलं, "मग रॅक नीट करायला का गेलात?"

"ती म्हातारी त्याच्याखालीच बसती. पट्टी न्हाई घातली तर बाटल्या परत तिच्याच अंगावर यायच्या."

"आणि साहेबांनी पाठवलं असं का सांगितलंत?"

आता हातोडी थांबली. "मंग काय सांगू? घडी मी चुकवली, ती सुदरायला आलोय, असं सांगू? तेवडं काय मला जमलं न्हाई, साहेब." त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तुमचं नाव घेतलं ते बी खोटंच. पर चुकली म्हनून माज्या तोंडानं मी सांगनार न्हाई. घडी चुकली नव्हती."

मी म्हटलं, "चाचा, परत या शेडवर."

"आदी त्या ताईंना सांगून या," ते म्हणाले, आणि झाकण उलटं करून परत ठोकायला लागले.

मी तसाच लोणावळ्याला गेलो. दुकानात गर्दी होती. रस्त्यापलीकडे वडापावच्या गाडीपाशी थांबलो. म्हटलं, गिऱ्हाइकं जाऊ देत. एक वडापाव खाल्ला, दुसरा नुसताच हातात धरला. पाऊण तासाने दुकान रिकामं झालं, म्हातारीही आत आडवी व्हायला गेली, तेव्हा मी आत शिरलो. काउंटरवर वाकून, हळू आवाजात, ताईंना सगळं सांगितलं. चाचांची घडी चुकली नव्हती. मी त्यांना ती मारूच दिली नव्हती.

तराजूतली चिक्की ताईंनी परत बरणीत टाकली.

"त्या दिवशी तर दुकान भरलेलं होतं, भाऊ."

"हो."

"आणि आज रिकामं व्हायची वाट बघत होता तिकडे. मघाशीच दिसलात मला."

त्या दारात गेल्या आणि डावीउजवीकडच्या दुकानांना हाका मारल्या. समोरचा चप्पलवालाही आला. हात पुसत, कुतूहलाने, सहासात जण रॅकसमोर उभे राहिले. आतून म्हातारी भिंतीला धरत बाहेर आली. दोन गिऱ्हाइकं येत होती, त्यांनाही ताई म्हणाल्या, जरा थांबा. मग माझ्याकडे वळल्या.

"हं. आता सांगा."

मी सुरुवात केली. माझा आवाज मलाच नीट ऐकू येईना. मागच्यांनी "काय? काय म्हणतायत?" असं विचारलं, तेव्हा ताईंनी मला अर्ध्यावर थांबवलं आणि परत पहिल्यापासून, मोठ्याने सांगायला लावलं.