गाठीअण्णांची वायर

अण्णा वायरमनना रंगाचं नाव घेताना मी कधी ऐकलं नाही. "लाल वायर द्या" असं ते म्हणत नसत, "एकगाठी द्या" म्हणत. काळी म्हणजे दोनगाठी, हिरवी म्हणजे तीनगाठी. कोळी जाळं विणायला वापरतात तो नायलॉनचा बारीक दोरा प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना गुंडाळून त्यावर त्यांनी गाठी मारलेल्या असत, आणि मध्ये हात-दीड हातावर पुन्हा तीच खूण. रत्नागिरीत त्यांनी इतक्या घरांत काम केलेलं होतं की सगळे त्यांना गाठीअण्णाच म्हणत. गाठींचं कारण मात्र ज्याला त्याला वेगळं माहीत होतं. कुणी म्हणे नवस आहे, कुणी म्हणे मिरकरवाड्यातल्या एका खलाशाने शिकवलंय, आणि आमचा सुतार म्हणे म्हाताऱ्याच्या हाताला चाळा लागलाय. अण्णा यातलं काहीच खोडून काढत नसत.

मला त्यांची गरज पडली दोन हजार एकच्या उन्हाळ्यात. मी दातांची डॉक्टर. शहरात माझा दवाखाना बरा चालत होता, पण आतल्या गावांतली माणसं दुखरी दाढ महिनोन्‌महिने अंगावर काढायची आणि गाल सुजून डोळा मिटायला आला की मग एसटीने यायची. तेव्हा दवाखानाच तिकडे न्यावा असं माझ्या मनाने घेतलं. मासळी वाहून नेणारा एक बंद ट्रेलर मोडीत निघाला होता, तो मी घेतला. आमच्या जुन्या जीपमागे तो जोडता येत होता. आठ दिवस फिनेलने धुतला, तरी गल्लीतली मांजरं महिनाभर त्याच्या चाकांशी आशेने बसून असत. आत खुर्ची, दिवा, कॉम्प्रेसर, थुंकी ओढून घेणारं यंत्र, पंखा असं सगळं बसवायचं होतं. रोग्याच्या तोंडात पाणी, हातात लोखंडी खुर्चीचे दांडे आणि चहूबाजूंनी पत्रा. वायरिंग चुकलं तर दाढेबरोबर माणूसही जायचा.

मला तो ट्रेलर आतून मुंबईच्या दवाखान्यासारखा दिसायला हवा होता. भिंतींना पांढरं सनमायका आणि वायरी सगळ्या त्याच्या मागे, दिसायला नकोत. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग माझं काय काम नाय. जिथं माझा हात जात नाय, तिथं माझी वायर जायाची नाय."

"अहो अण्णा, आता सगळीकडे असंच करतात."

"घर जाग्यावर उभं ऱ्हातं, डॉक्टरबाय. ही तुमची पेटी कातळावरनं उडत जानार. आत वायर घासली तर भायरनं कशी कळनार? सनमायका सांगनार हाय काय?"

सुतार खो-खो हसला. मला राग आला, पण सनमायका रद्द झालं.

त्यानंतर त्यांचं काम बघायला मी संध्याकाळचा दवाखाना लवकर आवरून घरी येऊ लागले. ट्रेलर आमच्या परसात रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, झाडाखाली उभा होता. आतल्या भिंतींवर हात सहज पोचेल अशा उंचीला लाकडी पट्टी फिरली, वायरी त्या पट्टीच्या खाचेतून आणि वर झाकण. झाकणाला खिळा एकही नाही. चिमटीने फिरवता येतील असे स्क्रू, म्हणजे वाटेत पेचकस हरवला तरी अडायला नको. वायर पत्र्यातून आरपार जाते तिथे भोकाला रबराची कडी. वायरी जिथे जोडल्या त्या प्रत्येक डबीत वीतभर जादा वायर वेटोळं करून ठेवलेली. "तुटली तर नवं टोक काढायला वायर नको?" ते म्हणाले. "का तवा मला रत्नागिरीसनं बोलवनार?" झाकणांच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने काढलेला नकाशा होता, त्यातही रंग नव्हते. एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा, बस.

कामाच्या जोडीने त्यांनी मला शिकवायलाही घेतलं. मी सांगितलं नव्हतं. "मी काय तुमच्यासंगती गावोगाव फिरनार नाय," एवढंच कारण. रोज एक झाकण मी उघडायचं, आतली जोडणी सोडवायची, पुन्हा जोडायची. दुसऱ्याच्या जबड्यात सरावाने चालणारी माझी बोटं इथे आखडायची, आणि अण्णा शाळामास्तरांसारखे "परत" म्हणायचे. अर्थिंगचा धडा मला अजून तोंडपाठ आहे. "गावात गेल्यावर आधी मानसं नको, केळी बघा. मोरीचं पानी केळीच्या आळ्यात जातं. मे म्हयन्यात कातळावर तेवढीच जमीन वली. कांब तिथंच ठोकायची." पुढे कितीतरी गावांत मी सरपंचांच्या आधी केळीला भेटले आणि लोकांनी मला विक्षिप्त ठरवलं.

काम संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. अण्णा ट्रेलरच्या टपावर उभे राहून वरचं भोक बुजवत होते. रातांब्याच्या फांद्या त्यांच्या डोक्याशी आल्या होत्या. मी खालून म्हटलं, "अण्णा, चार पिकलेले रातांबे काढा ना, सरबत करते." ते म्हणाले हात घाणीचे आहेत. मी म्हटलं, असू देत, धुऊन घेईन. ते म्हणाले नंतर बघू. मी हट्टाला पेटले. शेवटी त्यांनी फांदी ओढली, एकेक फळ दाबून बघत आठ-दहा काढली आणि मी वर दिलेलं भांडं खाली दिलं. त्यात चार लाल होते आणि बाकीचे हिरवेगार, कोवळे. आणि ज्या फांदीवरून ते काढले तिच्यावर पिकून लालबुंद झालेले तसेच लोंबत होते.

"डोळे कुठे होते, अण्णा?" मी हसत म्हटलं. ते हसले नाहीत.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दातांची असले तरी डॉक्टरच आहे मी. आणि मग मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. ते खाली उतरले तशी मी वायरीचे दोन कोरे तुकडे, एक लाल आणि एक हिरवा, त्यांच्या हातात दिले आणि विचारलं, "यातली लाल कुठली?" अण्णांची बोटं तुकड्यांवरून एकदा फिरली, गाठ शोधत. गाठ नव्हती. त्यांनी दोन्ही तुकडे पायरीवर ठेवले आणि फडक्याला हात पुसले.

"बघायचंच व्हतं तर सरळ इचारायचं, डॉक्टरबाय."

मग पायरीवर बसूनच त्यांनी सांगितलं. लहानपणी रातांबे गोळा करायला पाठवलं की हे हिरवे आणत, आणि कामचुकार म्हणून बापाचा मार खात. विसाव्या वर्षी मुंबईला रेल्वेत नोकरी लागत होती, तर तिथल्या डॉक्टरने रंगीत ठिपक्यांची वही पुढे धरली आणि घरी पाठवलं. गावात तोंड कसं दाखवायचं म्हणून एका म्हाताऱ्या वायरमनच्या हाताखाली राहिले, त्यालाही कळू दिलं नाही. लग्न झाल्यावर बायकोला सांगितलं. तेव्हापासून बाजारातून बंडल आलं की रविवारी काकू रंग सांगणार, अण्णा तिथेच गाठी मारणार. त्या सोडून कुणालाच माहीत नव्हतं, पोटच्या मुलालाही नाही. "मी गेल्यावर कुनालाबी सांगा," ते म्हणाले. "हयात हाय तवर नको. उद्या लोक कामाला घरात घेनार नाय." अण्णा आता नाहीत, म्हणून हे लिहिते आहे.

यजमानांना मात्र मी त्याच दिवशी सांगितलं, कारण ट्रेलरमध्ये त्यांचेही पैसे आणि झोप अडकलेली होती. ते म्हणाले, "उद्याच्या उद्या दुसरा माणूस बघ." त्यांचं काही चुकत नव्हतं. लाल म्हणजे वीज आणि हिरवी म्हणजे जमीन. ज्याला या दोन सारख्याच दिसतात त्याच्या कामावर भरवसा ठेवून मी रोग्याला ओल्या तोंडाने त्या खुर्चीत बसवणार होते. आणि दुसरीकडे, गेल्या तीन आठवड्यांत या माणसाइतकं काळजीचं काम मी कुणाचं पाहिलं नव्हतं, माझं स्वतःचंही नाही. माझ्या एका शब्दाने त्यांचा धंदा बसला असता.

दुसऱ्या दिवशी अण्णा वेळेवर हजर. माझं तोंड बघून त्यांनी ओळखलं असावं. पिशवी खाली न ठेवताच म्हणाले, "एकूनएक झाकन उघडा. रंग तुमी बघा, गाठी मी बघतो. एक जरी चुकली असंल तर हत्यारं हितंच ठेवून जातो."

आम्ही सकाळी नवाला सुरुवात केली. मी झाकण काढायची, रंग बघायची आणि मोठ्याने सांगायची, ते डोळे मिटून बोटांनी गाठी मोजायचे. लाल, एक. काळी, दोन. हिरवी, तीन. मधूनच माझ्या मनात आलं, माझं सनमायका झालं असतं तर आज यातलं काहीच बघता आलं नसतं. एक तर डोळे झाकून मान डोलवावी लागली असती, नाहीतर म्हाताऱ्याला हाकलावं लागलं असतं. दुपारपर्यंत एकही चूक निघाली नाही, आणि मग पंख्याच्या डबीत निघाली. वायर लाल होती आणि तिला गाठी तीन होत्या.

मी सांगितलं. अण्णांनी परत मोजल्या. तीनच. चेहरा पार उतरला त्यांचा. ती वायर दोन्ही टोकांना अर्थिंगलाच जोडलेली होती, शॉक कुणाला लागला नसता. पण उद्या दुसऱ्या कुणी वायरमनने रंग बघून तिला हात घातला असता तर घोळ झाला असता. अण्णांनी ती वायर हळूच खाचेत परत ठेवली. मग म्हणाले, "त्या रविवारी लाईट गेलेली. कंदिलावर बघितलं तिनं. तिला काय बोलू नका, चूक माझी. मी उजेडात परत बघाय सांगाय हवं व्हतं." आणि खरंच पिशवीतली पक्कड, टेस्टर, पेचकस काढून त्यांनी ओळीने पायरीवर मांडायला सुरुवात केली.

माझा निर्णय तिथे झाला. बायकोच्या डोळ्यांची चूक स्वतःच्या अंगावर घेणारा आणि शब्दाखातर चाळीस वर्षांची हत्यारं पायरीवर मांडणारा माणूस मला दुसरा कुठून मिळणार होता? मी पक्कड उचलून त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "ही वायर बदला, मग चहा घेऊ." अर्ध्या तासात वायर बदलून झाली, आणि उरलेल्या झाकणांत काही चूक निघाली नाही. यजमान दोन दिवस माझ्याशी तुटक बोलले आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच अण्णांना घरातला बिघडलेला गीझर दाखवायला घेऊन गेले.

अण्णांचं शिकवणं किती कामाचं होतं ते वेळणेश्वरला कळलं. शाळेच्या पटांगणात ट्रेलर लावला होता. एका आजींची दाढ अर्धी हलवून झाली आणि दिवा गेला, कॉम्प्रेसर गप्प. शाळेत वीज होती, म्हणजे दुखणं आमच्याच पोटात. आजींच्या तोंडात कापूस देऊन मी मेन बंद केला आणि झाकणं काढायला लागले. तिसऱ्या डबीत एकगाठी रस्त्यातल्या हादऱ्यांनी तुटलेली सापडली. वेटोळ्यातून वायर ओढली, नवं टोक काढलं, जोडलं. दहा मिनिटांत दिवा लागला. आजींनी बधिर तोंडाने विचारलं, "डाक्टरीन हायस का वायरमन?" परत आल्यावर मी हे अण्णांना रंगवून रंगवून सांगितलं. शाबासकीची वाट बघत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "आधी मेन बंद केलात न्हवं?"

दोन हजार सहाच्या दिवाळीआधी काकू गेल्या आणि अण्णांनी कामं घेणं सोडलं. लोक म्हणाले, म्हाताऱ्याने मनाला लावून घेतलं. ते खरंच होतं, पण तेवढंच नव्हतं, आणि ते मला आणि यजमानांनाच माहीत होतं. महिन्याभराने मी त्यांच्या घरी गेले. पडवीत वायरीची तीन नवी बंडलं पडलेली होती, एकालाही दोरा नव्हता. मुलगा मुंबईला चला म्हणतोय, असं सांगून ते अंगणाकडे बघत बसले. मला धीर द्यायला कधीच जमत नाही. मी उठताना म्हटलं, "अण्णा, रविवारी माझा दवाखाना बंद असतो. मी घरीच असते."

"बघू," ते म्हणाले.

दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी सकाळी दहाला फाटक वाजलं. इस्त्रीचा शर्ट घालून अण्णा आले होते, हातात बंडलांची पिशवी आणि दोऱ्याचं रीळ. माजघरात टेबलावर त्यांनी तिन्ही बंडलं ओळीने मांडली आणि समोर बसले. मी पहिलं उचललं.

"ही लाल."

त्यांनी दोऱ्याला हात लावला नाही. थोडं अवघडून म्हणाले, "राग मानू नका, डॉक्टरबाय. भायर उजेडात न्या. परत एकदा बघा."

मी बंडल घेऊन ओटीवर गेले. स्वच्छ ऊन होतं. उलटंसुलटं करून पाहिलं, लालच होती. तरी मी पुन्हा एकदा पाहिली. मग आत येऊन सांगितलं, तेव्हा कुठे त्यांनी दोरा हातात घेतला.