आरशातली पहिली नजर

अकोल्याच्या त्या लग्नात पोचले तेव्हा नवरीच्या आईनं माझ्या मनगटाला अत्तर लावलं, पंख्याखालची खुर्ची दिली आणि वरुडहून येताना गाडीत त्रास तर नाही ना झाला, असं विचारलं. नवरदेवाकडची कोणी मोठी बाई समजल्या होत्या त्या मला. खुर्ची चांगली होती, म्हणून मीही बसले. तेवढ्यात माझा भाचा दाराशी आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "मावशी, बसली काय तू? लाइटचे स्टँड कोण आणन?"

तर मी शिकाऊ होते. पन्नाशीला टेकलेली शिकाऊ. नांदगाव पेठेतल्या कापडाच्या कारखान्यात मी वर्षानुवर्षं तपासणीच्या टेबलाशी उभी असायची. वरून कापड सरकतंय, खालून दिवा, सुटलेला धागा दिसला की खूण करायची. शेवटी गुडघ्यांनी राजीनामा दिला, मग मलाही द्यावा लागला. घरी बसून मी माणसांतले दोष शोधायला लागले, तशी घरच्यांनीच मला अमरावतीला भाच्याच्या स्टुडिओत धाडून दिलं. त्यानं कॅमेरा धरायला शिकवलं. वर ताकीदही दिली, की कामावर नातं-बितं काही नाही, मावशी.

त्या दिवशी माझ्याकडे स्टँड, बॅगा आणि बॅटऱ्या एवढंच होतं. बायकांच्या बाजूला पुरुष फोटोग्राफर चालत नाही, म्हणून तिथं एक बाई ठरवलेली होती. ती येईपर्यंत मी पुरुषांकडे दिवा धरून उभी राहिले आणि तिथंच पहिला धक्का खाल्ला. निकाह झाला, नवरीच्या वडिलांनी जावयाला मिठी मारली. खरंखुरं रडले ते. भाचा म्हणाला, काका, उजेड मागून येऊन राहिला, पुन्हा एकदा. ते पुन्हा रडले. तिसऱ्या वेळी त्यांनीच विचारलं, चष्मा काढू का? आमच्या कारखान्यात चुकलेलं कापड निदान चुकलेलं म्हणून विकलं जायचं. इथं मनासारखं होईपर्यंत सगळं पुन्हा विणता येत होतं. मी थक्क होऊन ते शिकून घेतलं. हे शिकणंच पुढे नडलं.

कारण ठरवलेली बाई तापानं आडवी झाल्याचा फोन आला. भाच्याच्या तोंडचा रंग उडाला. त्यानं स्वतःच्या गळ्यातला कॅमेरा काढून माझ्या गळ्यात घातला. मी म्हटलं, अरे, मी तर दिवा धरायला आले. तो म्हणाला, "आता तूच हायेस. फ्लॅश चालू ठेव अन् दाबत राय. चुकलंच तं पुन्हा कराले सांगजो."

नवरीच्या वडिलांचं जठारपेठेत पडद्याच्या कापडाचं दुकान. त्यामुळे हॉलच्या मधोमध टांगलेला पडदा चांगला दुहेरी, भारी होता. जाता जाता मी सवयीनं तो बोटांत धरून पाहिला. दोष नव्हता. दोष त्याच्यापलीकडे जाणार होता.

आत बायकाच बायका, जरीचे कपडे, मेंदी आणि अत्तराचा घमघमाट. मी घरच्या बारशाला सांगावं तसं सगळ्यांना ओळीत उभं केलं. नवरीच्या शेजारी तिची नानी बसली होती, पांढरी ओढणी, जाड चष्मा. ती मोठ्यानं म्हणाली, "तू कावून थरथरून राहिली बाई? लगीन तुयं आहे का?" अख्खी रांग हसली. तो एक फोटो सगळ्यांचा छान आला.

मग नानीनं मला जवळ बसवून पुढचं सांगितलं. आता नवरदेवाला आत आणतील, दोघांच्या डोक्यावर एकच लाल ओढणी धरतील, समोर कुराण आणि आरसा ठेवतील. दोघांनी एकमेकांना पहिल्यांदा बघायचं ते त्या आरशात. मी शहाणपणानं विचारलं, हे दोघं तर रोज व्हिडिओवर बोलत असतील ना? नानी म्हणाली, मोबाईलमधलं पाहणं पाहणं नसते. तिच्या स्वतःच्या वेळी तिनं भीतीनं डोळे मिटून घेतले होते. त्या घडीला नवऱ्याचा चेहरा कसा होता, ते तिला कधी कळलंच नाही. आता तो माणूसही नाही. म्हणून ती नातीच्या मागे लागली होती, डोये उघडे ठेवजो.

"अन् हा फोटो मले पाह्यजेच," नानी मला म्हणाली. "माया वेळी मी नाही पाह्यलं. आता हिचं तं पाहीन."

नवरदेव आला. दोघांच्या डोक्यावर ओढणी आली. भाचा या बाजूला कधी आलेलाच नव्हता, त्यामुळे आरशाचं काय करायचं हे मला सांगायला कोणी नव्हतं. मला बाहेरून काही दिसेना, तेव्हा मी मागून त्या दोघांच्या खांद्यांमधून ओढणीखाली डोकं खुपसलं आणि बटण दाबलं.

फ्लॅश सरळ आरशात गेला आणि तिथून दोघांच्या तोंडावर. नवरीनं डोळे गच्च मिटले. नवरदेवानं हातानं तोंड झाकलं. कुठं तरी एक लेकरू रडायला लागलं. मी दचकून मान वर केली, बोट मात्र बटणावर तसंच रुतून बसलं होतं आणि कॅमेरा हनुवटीखाली खटखट वाजत होता. नानीनं इतके दिवस जपलेलं होतं ते मी एका बोटानं मोडलं होतं.

त्यावर मी मघाशी पुरुषांकडे शिकलेला धडा वापरला. म्हटलं, काही हरकत नाही, ओढणी पुन्हा घ्या, परत करू.

नानी हळूच म्हणाली, "पुन्हा? पहिली नजर पुन्हा कशी होईन बाई?"

नवरदेवाला उठवून नेलं. मी पडद्याबाहेर आले आणि कॅमेरा भाच्याच्या हातात दिला. पहिला फोटो म्हणजे नुसता पांढरा जाळ. भाचा होता तिथंच जिन्याच्या पायरीवर बसला. मग त्यानं बटण दाबून पुढचा फोटो पाहिला. फ्लॅश लागोपाठ पेटत नाही, त्यामुळे तो हॉलच्या पिवळ्या उजेडात आलेला, जरा काळसर. आरशात नवरदेव तोंडावर हात घेऊन. शेजारी नवरी, डोळे टक्क उघडे, हसू फुटलेलं. पण ती नवरदेवाकडे बघत नव्हती. दोघांच्या मधोमध तिसरं तोंड होतं, आ वासलेलं, आणि ती त्या तोंडाकडे बघत होती. ते तोंड माझं.

भाच्याचा जीव भांड्यात पडला. म्हणाला, "तुले पुसून टाकतो मावशी. तिचे डोयेही नवरदेवाकडे वळवून देतो. कोणाले कळत नाही."

डोळे वळवता येतात, हे ऐकून मी त्या दिवशी सगळ्यात जास्त हादरले. त्याच्या हातातून कॅमेरा घेतला आणि पुन्हा आत गेले. म्हातारीला तो फोटो जसा होता तसा दाखवला. तिनं चष्मा वर केला आणि कॅमेऱ्याची काच अगदी डोळ्याशी नेली.

"डोये उघडे हायेत," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहून, "पण पोट्टीनं नवऱ्याच्या आधी तुले पाह्यलं."

मी माफी मागायला लागले. भाचा पुसून देतो म्हणतोय, हेही सांगून टाकलं.

"कावून पुसाचं? थेच तं पाह्यलं तिनं."

नानीनं तो फोटो मोठा करून मागवला आणि काचेत बसवून खाटेसमोर लावला. भाचा पोचवायला गेला होता, त्यानंच सांगितलं. आमच्या घरातल्या एकाही लग्नाच्या अल्बममध्ये मी धड नाही. कुठं ताट धरलेला हात, कुठं कोपर. आणि अकोल्यात, जिथं माझं कोणी नाही, तिथं एक म्हातारी रोज सकाळी उठल्या उठल्या माझं उघडं तोंड बघते.