ग्रुपमधला बिनफोटोचा नंबर

हे आजवर घरीसुद्धा बोललो नाही.

हडपसरच्या कारखान्यात नवे साहेब आले, त्याच आठवड्यात मी आमच्या डिस्पॅचच्या लोकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. साहेबांना वगळून. पहिला मेसेज माझाच : "वहीत नावं लिहितोय. कुणाला काढायचं त्याची यादी."

यादीबिदी मला काही ठाऊक नव्हती. साहेब सकाळी वही घेऊन फिरायचे, एवढंच पाहिलं होतं. पण तेव्हापासून चुकीची भरलेली पेटी कुणी दाखवेना, सुटीनंतर कुणी पाच मिनिटं थांबेना. पुढे वही दिसेनाशी झाली. मी लिहिलं, "आता यादी डोक्यात." साहेब आमच्यात डबा खायला बसू लागले. "कान लावायला येतोय." माझ्या बायकोचं ऑपरेशन निघालं, तर त्यांनी न मागता पंधरा दिवस रजा दिली. हॉस्पिटलच्या बाकावरून मी टाकलं, "उपकार करून तोंड बंद करतोय." सगळे हसले.

ग्रुपमध्ये एक बिनफोटोचा नंबर होता. कधी चकार शब्द नाही. स्टोअरमधल्या काकांचा म्हणून मीच घेतलेला.

गेल्या वर्षी साहेबांची बदली झाली. निरोपाचा पेढा तोंडात होता आणि माझ्या फोनवर आलं, तो नंबर ग्रुपमधून बाहेर पडला. हे फक्त ग्रुप काढणाऱ्याला दिसतं. काका शेजारीच उभे.

"काका, ग्रुप सोडलात?"

"कसला ग्रुप? माझा फोन बटणांचा आहे रे."

बाहेर येऊन मी तो नंबर लावला. समोर केबिनच्या काचेआड साहेबांनी फोन उचलला.

"साहेब... तुम्ही? दोन वर्षं?"

"अहो, तुम्हीच घेतलंत ना? पहिल्या दिवशी माझ्या खासगी मोबाइलवरून तुम्हाला फोन केला होता, तोच हा नंबर. मला वाटलं, तोंडावर बोलता येत नाही म्हणून मुद्दाम घेतलंय. म्हणून तर वही बंद केली." मग म्हणाले, "रजेचं तेवढं लागलं. पण बरं केलंत. एवढं स्पष्ट मला कुणी सांगितलं नसतं."

चुकून झालं, आणि यादी मीच रचली होती, एवढं म्हणायचं होतं.

"हो साहेब," मी म्हणालो, "मुद्दामच."

काचेआडून त्यांनी हात जोडले. मीही जोडले.