हरणाचं पोस्टमार्टम आणि किशनमामा

माणसांच्या डॉक्टरकडे पेशंटचे किस्से असतात. आमचे पेशंट बोलत नाहीत, आणि मेलेले तर अजिबातच नाहीत. मग भोवती उभे असलेले लोकच भरपूर बोलतात. बारा वर्षांत हे बोलणं इतकं साठलंय की कुणी नुसता चहा पाजला तरी मी सुरू होतो.

मी जनावरांचा डॉक्टर. दवाखाना परभणी तालुक्यात, झरीच्या बाजूला. आमच्याकडे हरणांचे कळप सरळ पिकातून फिरतात. कधी गाडीखाली, कधी कुत्र्यांच्या तावडीत, कधी कोरड्या विहिरीत एखादं मरतं. मेलं की फोन येतो आणि आम्ही तिघं निघतो. सुरी धरायला मी, ती कशी धरायची हे सांगायला आमचे परिचर किशनमामा, आणि सगळं लिहून घ्यायला वनरक्षक कदम.

*

नोकरीचा पहिला आठवडा. रस्त्याकडेला हरीण पडलेलं. कॉलेजात शिकवल्याप्रमाणे मी ग्लोव्हज चढवले, सुरी काढली आणि मांडी ठोकून बसलो. मामांनी माझं मनगट धरलं. मग स्वतः हरणाच्या तोंडाशी उकिडवे बसले. नाक बघितलं, तोंड बघितलं, कान बघितले, शेपटी उचलून मागचंही बघितलं. पाच मिनिटं झाली.

नाकातोंडातून काळं, न गोठलेलं रक्त आलं असेल तर काळपुळीचा, म्हणजे माणसालाही लागणाऱ्या अँथ्रॅक्सचा, संशय धरायचा आणि जनावर उघडायचंच नाही, हा प्रश्न मला परीक्षेत आला होता. मार्कही चांगले पडले होते. पण भर उन्हात, भोवती चाळीस माणसं असताना, तो डोक्यातून साफ गेला होता.

मी जरा तोऱ्यातच म्हणालो, "मामा, कशानं मेलं ते मी बघतो ना!"

"ते कशानं मेलं ते तुमीच बघा, साहेब. आपुन मरायचो का न्हाई, ते मी बघायलोय."

*

पोट उघडताना सुरीची धार वर ठेवायची. कातडीखाली दोन बोटं घालायची आणि बोटांच्या मधून सुरी पुढे न्यायची, म्हणजे आतलं काही फुटत नाही. मामांनी हे मला इतक्या वेळा सांगितलंय की त्यांनी तोंड उघडलं की मी "हो हो" म्हणतो.

त्या दिवशीही "हो हो" म्हणालो आणि धार खाली धरली. फुगलेलं पोट होतं. फट्‌ असा आवाज आला आणि आतलं सगळं समोर वाकून लिहिणाऱ्या कदमांच्या अंगावर! इस्त्रीची पँट, नवा शर्ट, कागद, पेन, एक मिशी.

कदम तिथून थेट पूर्ण्याला मुलगी बघायला जाणार होते. चारची वेळ दिलेली होती, आणि साडेतीन झाले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामांनी मात्र कॅनमधलं पाणी त्यांच्या डोक्यावर ओतत शांतपणे सांगितलं, "जा तसेच. पोरीच्या बापाला म्हणा, सरकारी नोकरी हाय. एवढा वास तर येतोच!"

लग्न तिथंच जमलं.

*

पंचनाम्याला पंच लागतात. गावात भांडण असलं की पंच मागावे लागत नाहीत, पण दोन दिवसांपूर्वी मेलेलं हरीण म्हटलं की सगळ्यांना शेतात कामं निघतात. एकदा कसाबसा एक जण मिळाला. तोही लांब बांधावर, वाऱ्याच्या उलट बाजूला, नाकाला उपरणं लावून उभा राहिला. शेवटी सही करायला आला तेव्हा कदमांनी रीतसर विचारलं, "तुम्ही समक्ष काय काय पाहिलंत?"

"डॉक्टरसाहेबाची पाठ."

*

एका हरणाच्या बरगडीत गोल, खोल भोक होतं. गावात बातमी पसरली की कुणीतरी धनुष्यबाणानं शिकार केली. कदम पेटले. नोकरीतली पहिली शिकारीची केस! त्यांनी मला विचारायच्या आधीच लिहून टाकलं, "हत्यार: बाण." दोन पोरांना दमही देऊन झाला. त्यातल्या एकाकडे धनुष्य होतं, पण ते गॅदरिंगचं, पुठ्ठ्याचं.

मी आतून भोकाचा माग काढला. खालून वर गेलेलं, किंचित वळलेलं. दुसऱ्या नराचं शिंग होतं ते. दोघं भांडले होते, एक मेला, एक गेला.

कदमांचा चेहरा पडला. पण लिहायला घेतलेला कागद वाया घालवणं त्यांच्या स्वभावात नाही. "मग आरोपी फरार," ते पुटपुटले. "वर्णन काय घालू?"

मामांनी हात धुता धुता सांगितलं, "रंग काळा, पोट पांढरं, शिंगं दोन."

*

काम झालं की हरीण जाळायचं, आणि पूर्ण राख होईपर्यंत जागचं हलायचं नाही, असा नियम आहे. मांस कुणी नेऊ नये म्हणून. एकदा लाकडं कमी पडली, तर शेजारच्या आखाड्यावरून, म्हणजे शेतातल्या वस्तीवरून, एका आजोबांनी गाडीभर आणून दिली. मग तिथंच बसले. धूर निघाला, वास सुटला. आजोबांनी विस्तवाकडे बघत विचारलं,

"सगळंच जाळणार?"

"सगळंच, बाबा."

"बरं." थोड्या वेळानं उठले. "लाकडं तर आमचीच हायती. मीठ-मिरची बी आणू का?"

*

मामा एवढं सफाईदार काम शिकले कुठं, हे मला कंदुरीत कळलं. नवसाचं बोकड कापून शेतातच सगळ्या गोतावळ्याला जेवू घालायचं, ती कंदुरी. मामांच्या भावकीत होती, म्हणून मलाही आमंत्रण. कडुलिंबाला बोकड टांगलेलं आणि मामा सोलत होते. कातडीचा एक केस मटणाला नाही, पित्ताची पिशवी अलगद बाजूला, आतडी न फुटता परातीत. मी गप्प उभं राहून बघत होतो. खरं सांगतो, कॉलेजातल्या सरांचा हातही असा चालत नव्हता.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "डॉक्टरसाहेब आलेच हायती, तर जरा तपासून द्या की!" मीही फुशारलो. काळीज उचललं, चिरून बघितलं. आत चपटे किडे. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, "हे काळीज कुणीही खायचं नाही. पुरून टाका!"



मामा हळूच म्हणाले, "ते तुमच्यासाठीच बाजूला काढलं होतं, साहेब."

*

आणि हा गेल्या फाल्गुनातला.

सकाळी कदमांचा फोन. हरीण मेलंय, नर आहे, मोठा आहे. कुठं, विचारलं तर आधी नुसता गट नंबर सांगितला. मग म्हणाले, "किशनमामांच्या शेतात."

मामा रिटायर व्हायला चार महिने होते. हरणाला विष घातल्याचा गुन्हा लागला असता तर सहजी जामीन नाही, आणि पेन्शन लटकली असती. त्यातून मामांनी भर बाजारात पन्नास माणसांसमोर सांगून ठेवलेलं, "एक दिस मारतोच एखाद्याला!" कारण हरणांनी तीन वर्षं त्यांची ज्वारी खाल्ली होती. तिन्ही वर्षं त्यांनी नुकसानीचा अर्ज दिला, आणि तिन्ही वर्षं वरून एकच उत्तर आलं, की हरणानंच खाल्ली याचा पुरावा जोडा.

कदम अवघडले होते, पण नियमाला पक्के. "मामा, आज तुम्ही हात लावायचा नाही. बांधाच्या पलीकडं थांबा."

मामा थांबले. मी एकटा बसलो. आधी नाक, तोंड, कान, शेपटी बघितली. मग धार वर धरून पोट उघडलं. विष असेल तर ते जठरात सापडणार. जठराची दोन्ही तोंडं दोऱ्यानं बांधून मग ते कापायचं, नाहीतर आतलं सांडतं, मिसळतं आणि नमुना बाद होतो. खरं सांगू? माझ्या मनात आलं, झाला बाद तर होऊ दे. बाद नमुन्यावर कुणाला शिक्षा होत नाही. मी दोरा तसाच पिशवीत ठेवला आणि सुरी उचलली.

बांधावरून आवाज आला. "साहेब, दोरा बांधा आधी!"

"मामा, गप बसा!" कदम ओरडले. "तुम्ही संशयित आहात!"

"संशयित हाय म्हून साहेबाला चुकू देऊ काय? वरची गाठ आधी, मग खालची. दोन-दोन बांधा. घाई कशाची हाय?"

मला माझीच लाज वाटली. मी चार गाठी मारल्या. जठर बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवलं आणि उघडलं.

गळ्यापर्यंत ज्वारी. टपोरे दाणे, नुसते दाणे, आंबूस वास मारणारे. विषाचा वास नाही, आतड्यात रक्त नाही. खळ्यावर रचलेली कणसं त्यानं रात्रभर खाल्ली होती.

"लॅबला पाठवू," मी कदमांना म्हणालो, "पण मला विचाराल तर हे अति खाऊन मेलंय."

कदमांनी टोपी काढून घाम पुसला आणि बांधाकडे बघून मान हलवली. मामा इकडे आले. ट्रेवर वाकले. हात मागे बांधून, कुठंही स्पर्श न करता, बराच वेळ बघत राहिले.

"दगडी हाय," ते म्हणाले. दगडी म्हणजे आमच्याकडची ज्वारीची जुनी जात. "ह्या शिवारात दगडी मी एकटाच पेरतो. माझ्या खळ्यावरचीच हाय ही."

"मामा, असं काही बोलू नका," कदम घाईनं म्हणाले, "जबाबात जाईल."



मी नमुना बाटलीत भरला, लाखेनं सील केला आणि लेबल लिहायला घेतलं. जनावर: काळवीट, नर. नमुना: जठरातील पदार्थ. मालकाचे नाव: तिथं रानातल्या जनावराला आम्ही नेहमी लिहितो तेच लिहिलं, 'शासन', आणि बाटली कदमांकडे दिली.

मामांनी ती मध्येच घेतली. चष्मा वर करून लेबल वाचलं आणि बाटली माझ्या हातात परत ठेवली.

"हरीण शासनाचं. जवारी किशन रामजीची. ते बी लिहा."