आधी इचार, मग मार

सिद्रामप्पा मास्तरांचा हात तोंडाआधी चालायचा. बीदरच्या शाळेत मी रुजू झालो त्या सकाळी ते एका पोराला कानशिलात हाणत व्हरांड्यातून नेत होते. पोराच्या नाकातून रक्त येत होतं. मला पाहून थांबले, धोतराच्या सोग्याला हात पुसला आणि म्हणाले, "नवे मास्तर का? या, बसा. एवढं एक आटपतो."

निजामीतली ती शेवटची वर्षं. परीक्षेतल्या नकलेची सगळी प्रकरणं त्यांच्याकडे असत. मूळचे मंठाळचे, घरात कानडी, बाजारात मराठी, शाळेत उर्दू आणि शिव्या तिन्हींत. "चोरीला जात न्हाई, फोकालाबी न्हाई," म्हणत. त्यांच्या चिंचेच्या फोकाने सावकाराचं पोर आणि सालगड्याचं पोर सारखंच सुजून घरी जाई. आधी मार, मग इचार, ही त्यांची रीत. मला ती पटत नसे, पण बोलायची छाती कुणाची होती?

एका वर्षी निंबर्ग्याच्या दोन पोरांचं इतिहासाचं उत्तर अक्षर न अक्षर एक निघालं. मास्तरांनी दोघांना झोडपलं. फोक अडवायला त्यांतल्या नागनाथने हात पुढे केला आणि त्याचं बोट मोडलं. मग दोघांना वेगळ्या खोल्यांत बसवून तेच उत्तर म्हणायला लावलं. दोघांनीही ते उर्दूत घडाघडा म्हटलं आणि मधेच दोघांच्याही तोंडून आलं, "तो बच्चो, आगे सुनो." पेपरातही तेच होतं. पोरांना उर्दू कळत नव्हती. इतिहास शिकवणारे मौलवीसाहेब वर्गात जे बोलले ते सगळं त्यांनी जसंच्या तसं घोकलं होतं.

मला हसू फुटलं. मास्तर हसले नाहीत. नागनाथला हाडवैद्याकडे नेऊन आणलं, दाराच्या फटीत आपलं बोट घातलं आणि मला म्हणाले, "लाव दार."

मी लावलं नाही. त्यांनीच लाथ मारून लावलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्या दिवसापासून रीत फिरली. "गोविंदा, आधी इचार, मग मार," ते मला वाकडं बोट दाखवून सांगत. "अन् इचारायचं तर त्याच्या आईच्या भाषेत. घोकलेलं उर्दूत सांगता येतंय. कळलेलं असंल तरच घरच्या बोलीत येतंय."

पुढे एका देशमुखांच्या मुलाकडे, दौलतकडे, परीक्षेत चिठ्ठी सापडली. मास्तरांनी त्याला अंगाला हात न लावता समोर बसवलं. "तुझ्या मायला समजंल असं सांग." दौलत उर्दूतलंच पुटपुटू लागला. चौकशी पुरी व्हायच्या आतच देशमुखांचे गडी शाळेत शिरले. नकलेच्या प्रकरणातून पोराचं नाव काढायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

मास्तर उभे राहिले. "काय झालंय ते तरी इचारा. कामून काठ्या उगारायलाव?"

त्यांनी विचारलं नाही. पहिली काठी उजव्या हातावर बसली, दुसरी डोक्यावर. ते पडल्यावरही मारत राहिले. मी मधे पडलो तर माझे दोन दात गेले. फरशीवरचं रक्त आम्ही घागरी ओतून धुतलं.

दवाखान्यात ते शुद्धीवर आले. हात चेचलेला, म्हणून चौकशीचा निकाल मी लिहायचा होता. मी कागद पुढे ओढला. "पोराला जन्माचा घालवतो. कुठल्याच परीक्षेला बसू देत नाही."

"त्याला परत इचारलास?"

"आता काय विचारायचं, मास्तर?"

"बापाच्या गड्यांनी मला मारलंय, त्येचा राग पोरावर काढायलास तू. बोलीव त्याला."

दौलत आला. दारातच उभा राहून मराठीत म्हणाला, "चिठ्ठी माजीच व्हती, मास्तर. ते मारायला येणार हे मला ठावं नव्हतं." आणि रडू लागला.

"नकलेला एक साल परीक्षेची बंदी असतीय," मास्तर मला म्हणाले. "एकच लिही."

दुसऱ्या दिवशी ते गेले. स्मशानातून आलो आणि टाक हातात घेतला. आयुष्यात कुणाचा जीव घ्यावासा वाटला असेल तर तो त्या दिवशी, त्या पोराचा. शाई दोनदा सांडली.

एक साल लिहिलं.