डिफंक्ट पंपाची गंधमुक्ती

"आउट ऑफ ऑर्डर असता तर मेकॅनिक पाठवला असता. पंप डिफंक्ट आहे. आता काही होणार नाही."

पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरसाहेबांचं हे इंग्रजीतलं लेखी उत्तर घेऊन शिंदखेड्याकडचे नाना थेट आमच्या प्रेसवर आले. धुळ्यातल्या त्या पायाने चालवायच्या ट्रेडल प्रेसवर मी कंपोझिटर, म्हणजे शिशाचे खिळे एकेक उचलून मजकूर जुळवणारा. लग्नपत्रिका पोटासाठी, कष्टकऱ्यांच्या संघटनेची पत्रकं उरलेल्या वेळात.

"भाऊ, हाई इंग्रजी काय म्हनस? गावमा एकच हातपंप. बाया दोन मैल जातीस पानीले."

मालकांचा जाड शब्दकोश उघडला. ‘डिफंक्ट’ हा शब्द लॅटिनमधून आलेला. मूळ अर्थ, नेमलेलं काम पार पाडून मोकळा झालेला. तिथून अर्थ सरकत गेला मयत माणसाकडे. मग वापरातून गेलेल्या कुठल्याही वस्तूकडे.

माझं डोकं फिरलं. पंपाला वर्षही झालं नव्हतं. काम न करता मोकळं झालं होतं ते ऑफिस.

"नाना, पंप मयत आहे म्हणतात."

"मंग गंधमुक्ती करनी पडी," नाना म्हणाले. हसले नाहीत.

गंधमुक्ती म्हणजे आमच्याकडचा सुतक फिटण्याचा विधी. त्याच्या पत्रिकेची काळी चौकट प्रेसमध्ये बांधलेलीच असते, फक्त नाव बदलायचं. मी जुळवलं: "आमच्या गावचा हातपंप अल्पवयात डिफंक्ट झाल्याचं साहेबांनी लेखी कळवलं आहे. गंधमुक्ती सोमवारी सकाळी, पंपाजवळ. निमंत्रक: गावातले समस्त रिकामे हंडे."

पहिली प्रत नानांनी साहेबांच्या हातात दिली. बाकीच्या वाटायच्या होत्या.

रविवारीच जीप आली. पत्रिका वाटायला मीही गावात होतो.

"हा काय चावटपणा?" साहेब उतरता उतरता म्हणाले.

"साहेब, कागद तुमनाच शे," नाना म्हणाले.

मेकॅनिकने पाइप वर काढले. आतलं चामड्याचं वायसर फाटलं होतं, बस. दुपारी पाणी आलं.

"आता पत्रिका वाटू नका," साहेब मला म्हणाले.

"रजिस्टरमध्ये पंप चालू लिहा, मग नाही वाटणार."

"डिफंक्ट पुन्हा चालू झाल्याचा कॉलमच नाही हो."

म्हणजे सरकारदरबारी पंप अजून मयतच आहे. मेकॅनिक येत नाही. नानांनी त्या दिवशी शेजारी उभं राहून सगळं पाहून घेतलं होतं. वायसर आता गावच बदलतं. बाया पंपावरच भरतात.

ऑफिसातून इंग्रजी उत्तर आलं की आधी शब्दकोश उघडावा, मग पान्हा उचलावा. पंपाच्या पत्रिकेचा काळ्या चौकटीतला मजकूर मी अजून मोडलेला नाही, पुढच्या उत्तराला लागेल.