हॉर्नमध्ये लपवलेला हात

गिरणीत पट्ट्यात सापडून माझ्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हा माझं लग्नाचं वय होतं. लालबागच्या आमच्या चाळीत सगळे हळहळले, पण मला ती हळहळच नकोशी व्हायची. हात सतत खिशात. चहासुद्धा डाव्या हाताने प्यायचो.

खात्यातला एक जोडीदार दादरला एका गोवेकर मास्तरांच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. शाळेत मी बिगूल वाजवलेला, म्हणून तो मला तिथे घेऊन गेला. फ्रेंच हॉर्नच्या कळा डाव्या हाताने दाबतात आणि उजवा हात त्याच्या रुंद तोंडात घालतात, हे पाहिलं आणि मी तोच मागितला. बोटांचं मास्तरांना सांगितलं नाही.

पण माझा सूर सारखा चढायचा. सूर उतरावा म्हणून मास्तरांनी हॉर्नची नळी बाहेर ओढायला लावली, तरी आवाज फाटकाच. एकदा तालमीत मागून कोणीतरी हसलं. मास्तर वाजवणं थांबवून माझ्यापाशी आले.

"हात आत आहे की बाहेर?"

"आत आहे."

"मग सूर असा चढेल कसा? काढ बघू."

मी हललो नाही. त्यांनीच मनगट धरून हात बाहेर काढला आणि लगेच सोडून दिला. मागचं हसणं बंद झालं. माझे कान तापले होते.

"हात आत असणार असं धरूनच हे वाद्य बनवतात, बाबा," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "हाताने तोंड नीट भरलं नाही, की सूर वर जातो. तुझ्या फटीतून वारा निसटतो."

हळू बोलले, पण खोली लहान होती.

मी जाणं बंद केलं. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांचे. परळला घोषणेबरोबर सगळ्यांच्या मुठी वर जायच्या, मी डावी उचलायचो. एका रविवारी मास्तर स्वतः चाळीचा जिना चढून आले. बरोबर कातडी हातमोजा, दोन बोटांत चिंध्या भरलेल्या. आईसमोरच म्हणाले, "हा घालून बघ." आई माझ्याकडे न बघता चहा टाकायला उठली.

मोज्याने सूर खाली आला. हाताने तोंड पुरतं बंद करून वाजवायचे सूर मात्र कधीच जमले नाहीत. मास्तरांनी ते गुपचूप ट्रम्पेटला दिले.

राज्य झालं तेव्हा आम्ही परळच्या एका मांडवात वाजवलं. वाजवून झाल्यावर एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसत आले आणि एकेकाशी हात मिळवू लागले. माझ्यापुढे त्यांनी हात केला. मी नुसती मान लववली. चिंध्यांची बोटं त्यांच्या हाती लागू नयेत म्हणून हात हॉर्नमध्येच ठेवला. पुढे केलेला हात तसाच घेऊन ते क्लॅरिनेटवाल्या जोडीदाराकडे वळले.

"मोजा होता ना हातात? एवढा कसला रे माज?" जोडीदार नंतर म्हणाला.

माज नव्हता. पण ते त्यालाही सांगवेना.